भीती गेली नाही म्हणून विश्वास खोटा ठरत नाही : स्तोत्र ५६:३ बद्दल

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं की आईची बायोप्सी झालीये, रिपोर्ट यायला अजून काही दिवस आहेत, रात्री ३ च्या सुमाराला जाग येते, छाती धडधडते, मग बायबलच्या स्तोत्रसंहितेतल्या स्तोत्र ५६ मधलं तिसरं वचन जे लहानपणापासून पाठ आहे ते तुम्ही परत परत म्हणता आणि तरी भीती जात नाही. त्यात ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं की भीती वाटते म्हणजे विश्वास कमी पडतोय. म्हणून तुम्ही विचारताय की वचन लागू का पडत नाही, आणि माझा विश्वास खोटा आहे का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण रात्री तेच जास्त टोचत असणार. नाही, खोटा नाही. मी बरीच वर्षं आजारी माणसांजवळ आणि वॉर्डबाहेर बाकड्यावर बसलेल्या त्यांच्या घरच्यांजवळ बसतोय, त्यांच्यासोबत प्रार्थना करतोय, तेच माझं काम आहे, आणि रिपोर्टची वाट बघताना अजिबात न घाबरलेली माणसं मला फार क्वचित भेटली. घाबरलेल्यांमध्ये अशी कितीतरी होती ज्यांच्या विश्वासाकडून मी शिकलो. त्यामुळे ज्यांनी तुम्हाला ते वाक्य ऐकवलं त्यांचा हेतू चांगला असेल पण ते वाक्य मनातून काढून टाका.

आता वचनाकडे येऊ. साध्या बोलीत ते एवढंच आहे, "मला भीती वाटते तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवतो." बघा, अर्धं वचन तर भीतीच्या कबुलीतच गेलं. ज्याला भीती वाटत नाहीये त्याला हे वचन म्हणायचं कारणच नाही, ते घाबरलेल्या माणसाच्या तोंडी आहे आणि घाबरलेलं असतानाच म्हणायचं आहे. आणि दुसरी गोष्ट, ते कुणाशी बोललंय? "तुझ्यावर" असं आहे ना, म्हणजे समोर कुणीतरी आहे. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला असं वाटतं की तुम्ही हे वचन म्हणता आणि लगेच आत डोकावून बघता की भीती गेली का, नाही गेली, मग परत म्हणता, परत बघता. हे खूप जण करतात आणि त्यात होतं काय की वचन देवाशी बोलायच्या ऐवजी आपण ते आपल्या भीतीलाच ऐकवत बसतो, आणि जितक्या वेळा भीती तपासावी तितकं लक्ष तिच्याकडेच जातं आणि ती वाढते. अंधारात जागं झालेलं लहान मूल "मी घाबरत नाही, मी घाबरत नाही" असं घोकत नाही, ते "आई" म्हणून हाक मारतं. हे वचन त्या हाकेच्या जातीचं आहे.

हे मी माझ्या मनचं सांगत नाहीये, स्तोत्राच्या मथळ्यातच त्याचा संदर्भ दिलाय. पलिष्ट्यांनी, म्हणजे इस्राएलच्या शत्रूंनी, दावीदाला (जो पुढे इस्राएलचा राजा झाला) त्यांच्या गथ या गावी धरलं तेव्हाचं हे स्तोत्र, असं तिथे लिहिलंय. (अनेक अभ्यासक म्हणतात की स्तोत्रांचे मथळे नंतर जोडले गेले, तसं असेलही, पण ज्या कुणी हा मथळा इथे लावला त्याला हे शब्द नेमके त्याच प्रसंगातल्या माणसाच्या तोंडी शोभतात असं वाटलं, आणि मला तेवढं पुरेसं आहे. हिब्रू बायबलमध्ये हा मथळाच पहिलं वचन म्हणून मोजतात, त्यामुळे तिथे तुमचं वचन ५६:४ म्हणून सापडेल.) तो प्रसंग बायबलमधल्या पहिल्या शमुवेल या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायात आहे आणि तो एकदा सावकाश वाचाच, कारण आपण दावीद म्हटलं की गोफण आणि त्याने मारलेला धिप्पाड पलिष्टी योद्धा गल्याथ एवढंच आठवतो.

इस्राएलचा राजा शौल जिवावर उठलाय म्हणून दावीद पळतोय. वाटेत नोब गावी याजक अहीमलेखाकडे थांबतो, ५ भाकरी मागतो, हत्यार आहे का विचारतो. हत्यार एकच असतं, गल्याथाची तलवार, कापडात गुंडाळून एफोदामागे (एफोद म्हणजे याजकाचं पवित्र वस्त्र) ठेवलेली. दावीद म्हणतो हिच्यासारखी दुसरी नाही, दे मला. आणि ती घेऊन जातो कुठे, तर गथला. गथ म्हणजे गल्याथाचं स्वतःचं गाव! ज्याला मारलं त्याच्या गावात, त्याचीच तलवार सोबत घेऊन. किती घाबरलेला असेल विचार करा, घाबरलेल्या माणसाला आपण कुठे चाललोय याचंही भान राहत नाही, किंवा शौलाची भीती इतकी मोठी होती की त्यापुढे शत्रूचं गावसुद्धा बरं वाटलं. (ही गथची जागा आज तेल एस-साफी म्हणून ओळखतात, जेरुसलेम आणि अश्कलोन यांच्या मधे, १९९६ पासून तिथे मोठं उत्खनन चालू झालं, म्हणजे हे ठिकाण काही हवेतलं नाही.) तिथे गथच्या आखीश राजाचे लोक त्याला लगेच ओळखतात, म्हणतात हाच ना तो ज्याच्यावर बायका नाचत गाणी म्हणत होत्या की शौलाने हजारो मारले आणि दावीदाने दहा हजारो. आणि मग शास्त्र सरळ सांगतं की दावीद आखीश राजाला फार भ्याला. तिथे काही लपवलेलं नाही. तो वेड्याचं सोंग घेतो, दरवाजांच्या फळ्यांवर रेघोट्या ओढतो, दाढीवर लाळ गाळतो. आखीश वैतागून म्हणतो माझ्याकडे वेड्यांची कमी आहे का, आणि दावीद सुटतो.

आता ती दाढीवरची लाळ डोळ्यासमोर ठेवून वचन परत वाचा. "मला भीती वाटते तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवतो." हे सिंहासनावर बसलेल्या राजाचे शब्द नाहीत. आणि हेही बघा की भरवसा ठेवला म्हणून तो हातावर हात ठेवून बसला नाही, सुचेल ती युक्ती केली. भीती होती, भरवसा होता आणि युक्तीही होती, तिन्ही एकाच माणसात एकाच वेळी. त्यामुळे तुम्ही प्रार्थनाही करताय आणि डॉक्टरांना फोन करून पुढे काय काय होऊ शकतं तेही विचारताय यात विरोध काहीच नाही.

मग पूर्ण स्तोत्र वाचा, १३ च वचनं आहेत, पाच मिनिटंही लागत नाहीत. एकटं तिसरं वचन उचलून म्हणणाऱ्यांना मी नेहमी हेच सांगतो, कारण त्याच्या मागेपुढे जे आहे त्यात खरा धीर आहे. सुरुवातीला तो शत्रूबद्दल सांगतो, दिवसभर मला तुडवतात, दिवसभर. मग आपलं वचन येतं, त्यानंतर "देवावर मी भरवसा ठेवलाय, मी भिणार नाही" असं येतं, आणि आपल्याला वाटतं झालं, जिंकला. पण लगेच पुढे परत तेच, दिवसभर माझे शब्द पिरगाळतात, दबा धरून बसतात, माझ्या पावलांवर नजर ठेवतात. ते "दिवसभर" तीनदा आलंय. म्हणजे "मी भिणार नाही" म्हटल्यावर भीती परत आली, आणि त्याने ते खोडलं नाही, तसंच ठेवलं, आणि मग दहाव्या अकराव्या वचनात परत देवाकडे वळून जवळजवळ तेच शब्द परत म्हटले. घाबरलेलं मन असंच गोल गोल फिरतं ना, तुमचंही रात्री तसंच होतंय. तुम्ही त्याला अपयश म्हणताय, पण शास्त्रात ते स्तोत्र म्हणून ठेवलंय. परत परत वळावं लागणं म्हणजे विश्वास मोडला असं नाही, तो त्या वेळी तसाच चालतो.

आणि या दोन वळणांच्या मधे ते आठवं वचन आहे जे मला स्वतःला सगळ्यात जवळचं वाटतं. तू माझं भटकणं मोजलंयस, माझी आसवं तुझ्या बुधलीत भरून ठेव, ती तुझ्या वहीत लिहिलेली नाहीत का? बुधली म्हणजे कातड्याची, पाणी किंवा दूध सोबत न्यायची. रानोमाळ पळणाऱ्या माणसाचा जीव त्या कातडी पिशवीवर असतो, तिच्यात आसवं भरायची कल्पना असा पळणारा माणूसच करू शकतो. हागारेची, म्हणजे अब्राहामाने मुलासकट घराबाहेर पाठवलेल्या दासीची गोष्ट आठवते का, उत्पत्ति २१ मधली, तिच्या मसकीतलं, म्हणजे तशाच कातडी पिशवीतलं पाणी संपलं तेव्हा तिने मुलाला झुडपाखाली ठेवलं आणि लांब जाऊन बसली, कारण त्याला मरताना बघवेना, आणि तिथे ती मोठ्याने रडली. तेव्हा तिला "भिऊ नको" ऐकू आलं आणि त्याला जोडून सांगितलं की मुलाचा आवाज देवाने ऐकलाय. रडलीस म्हणून तिला कुणी रागावलं नाही.

तुम्ही लिहिलंय की तुम्ही आईसमोर रडत नाही, बाथरूममध्ये जाऊन रडता. तीही आसवं मोजली जातायत असं हे स्तोत्र म्हणतं, वाया जाणारी म्हणून नाही, जपून ठेवायची म्हणून. मग तो म्हणतो, एवढं मला ठाऊक आहे की देव माझ्या बाजूचा आहे. सगळं ठाऊक आहे असं तो म्हणत नाही. गथमधून सुटू की नाही हे त्याला ठाऊक नव्हतं.

याच प्रसंगाशी जोडलेलं अजून एक स्तोत्र आहे, ३४ वं. त्याच्या मथळ्यात दावीदाने वेड्याचं सोंग घेतलं आणि त्याला हाकलून दिल्यावर तो निघून गेला तेव्हाचं, असं आहे (तिथे राजाचं नाव अबीमलेख दिलंय). ते सुटकेनंतरचं. त्यात चौथं वचन आहे की मी परमेश्वराला शरण गेलो आणि त्याने माझ्या सगळ्या भयांपासून मला सोडवलं. आणि गंमत नाही, खरंच लक्षात घेण्यासारखी गोष्ट, ३४ वं स्तोत्र हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने रचलंय, एक अक्षर सोडलं तर ओळीने एकेका अक्षराने एकेक वचन सुरू होतं. म्हणजे बाहेर पडल्यावर मन इतकं जागेवर आलं की अक्षरं क्रमाने लावता आली. ५६ मध्ये असा कुठलाही क्रम नाही, तिथे मन फिरतंय. आपली अडचण अशी होते की आपण अजून गथमध्ये असतो आणि लोक आपल्याकडून ३४ वं स्तोत्र म्हणून घेतात, "देवाने सोडवलंय, साक्ष दे, हस." त्यांना नम्रपणे सांगा की माझं सध्या ५६ वं चालू आहे. ३४ वं जेव्हा खरंच आतून येईल तेव्हा म्हणा, आत्ता ते उसनं आणू नका.

आता एक अवघड गोष्ट, आणि ती मी गोड करून सांगणार नाही. या वचनात असं कुठेही नाही की रिपोर्ट चांगला येईल. ५६ च्याच चौथ्या वचनात दावीद विचारतो की माणूस माझं काय करणार? आणि शमुवेलाचा पुढचाच अध्याय वाचला तर कळतं की माणूस बरंच काही करू शकतो. दावीदाला ज्यांनी भाकर दिली त्या नोबच्या ८५ याजकांना शौलाने आपला चाकर दवेग अदोमी याच्या हातून मारलं, गाव उद्ध्वस्त केलं, आणि दावीद तिथून जीव वाचवून आलेल्या अब्याथाराला, अहीमलेखाच्या मुलाला, म्हणाला की तुझ्या घराण्याच्या मरणाला मीच कारण झालो, आता तू माझ्याजवळ राहा. हे त्याच पुस्तकात आहे, वगळलेलं नाही. म्हणून या वचनाचा धीर "काही वाईट होणार नाही" हा नाहीच. जे होईल त्यात मी एकटा नसेन आणि ज्याच्या हातात मी आहे तो माझ्या विरुद्ध नाही, हा आहे. मला कळतं की रात्री ३ वाजता हे कमी वाटतं, आपल्याला पक्की गॅरंटी हवी असते. पण ज्यांनी मनात गॅरंटी धरून ठेवली होती आणि रिपोर्ट वाईट आला त्यांचं किती मोडतं ते मी जवळून बघितलंय, आणि ज्यांनी फक्त हात धरला होता त्यांचा हात रिपोर्टनंतरही सुटला नाही हेही बघितलंय. म्हणून मी तुम्हाला दुसरं काही देऊ शकत नाही आणि देणारही नाही.

"भिऊ नको" ही आज्ञा आहे, भ्यायलं की पाप, असं जे सांगतात त्याबद्दल पण थोडं. बायबलमध्ये "भिऊ नको" वर्षाच्या दिवसांइतकं म्हणजे ३६५ वेळा आलंय असं फिरत असतं, ते मोजून बघितलं तर तेवढं भरत नाही, आणि भरायची गरजही नाही. जिथे जिथे ते येतं तिथे समोरचा बहुतेक वेळा आधीच घाबरलेला आहे, जशी हागार. तिथे तो आवाज रागाचा नसतो. यशया ४१:१० घ्या, जे सगळ्यांच्या फोनवर असतं, "भिऊ नको, मी तुझ्याबरोबर आहे, घाबरा होऊ नको, मी तुझा देव आहे." ते बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासातल्या इस्राएली लोकांना उद्देशून आहे, ज्यांचं जेरुसलेम आणि मंदिर इ.स.पू. ५८६ मध्ये जळालं होतं, ज्यांच्याकडे घाबरायची सगळी कारणं होती. आणि चारच वचनं पुढे देव त्यांना "कीटका याकोबा" म्हणतो (याकोब हा त्यांचा पूर्वज, त्याच्या नावाने सगळ्या लोकांना हाक), म्हणजे ते किती चिरडलेले आहेत ते त्याला माहीत आहे, आणि त्याच्याच शेजारी म्हणतो भिऊ नको, मी तुला साहाय्य करतो. मी या दोन वचनांची जोडी लावतो. ५६:३ आपण देवाशी बोलतो, ४१:१० देव आपल्याशी बोलतो. आधी आपलं बोलून घ्यावं, भीती आहे ते सांगावं, मग त्याचं ऐकावं. उलट केलं की ४१:१० सुद्धा दटावल्यासारखं वाटायला लागतं.

आता रात्री जाग आल्यावर नेमकं काय करायचं ते सांगतो. अंथरुणात पडून घोकू नका, उठून बसा, पाय जमिनीला टेकवा, लाइट लावला तरी चालेल. छातीची धडधड म्हणजे शरीर पळायची नाहीतर लढायची तयारी करतंय, आणि रिपोर्टची वाट बघण्यात पळायला कुठे नाही आणि लढायला कुणी नाही म्हणून ती तयारी तशीच आत अडकून राहते, त्यात तुमच्या विश्वासाचा काही दोष नाही. श्वास घेताना मनात "मला भीती वाटते तेव्हा" आणि श्वास अगदी हळू, घेतला त्याहून जास्त वेळ लावून सोडताना "मी तुझ्यावर भरवसा ठेवतो". सोडताना लांबवला की हृदयाचे ठोके थोडे संथ होतात, ते शरीराचं साधं गणित आहे. असं सात आठ वेळा केलं की थांबा, पुन्हा पुन्हा मोजत बसू नका. मग भीतीला नाव द्या, मोठ्याने, देवाला ऐकवून. "मला भीती वाटते" एवढ्यावर सोडू नका, पुढे बोला, की कॅन्सर निघाला तर, आईला वेदना झाल्या तर, पैसे कमी पडले तर, ती गेली तर. दावीद शत्रू काय काय करतात ते एक एक करून सांगतो ना, तसं. प्रत्येकाच्या शेवटी परत तेच, तुझ्यावर भरवसा ठेवते. आणि भीती गेली का ते बघू नका. ती शेजारी बसली तर बसू द्या. झोप लागली तर झोपा, नाही लागली तर पूर्ण स्तोत्र सावकाश वाचा. आणि एक, हे दिवसाही करा, दुपारी मन शांत असताना एकदा, म्हणजे रात्री ते ओळखीचं वाटेल.

हे सगळं करूनही दोन तीन आठवडे झोपच येत नसेल, खाणं सुटलं असेल, अचानक जीव जातोय अशी धाप लागत असेल तर डॉक्टरकडे जा, समुपदेशकाकडे जा, औषध दिलं तर घ्या. छातीत दुखत असेल तर प्रार्थना गाडीत बसून करा पण आधी दवाखान्यात निघा. आणि आपण नसलेलं बरं असा विचार मनात येऊन गेला तर त्याच क्षणी घरातल्या कुणाला तरी उठवा आणि सांगा, एकटीने ठेवू नका, आणि तातडीने डॉक्टरांनाही सांगा. एलीया संदेष्टा त्याच्या जिवावर उठलेल्या ईजबेल राणीच्या भीतीने पळाला आणि एका झुडपाखाली बसून म्हणाला की आता पुरे, माझा जीव घे. १ राजे १९ मध्ये आहे. त्याला देवाने प्रवचन दिलं नाही, झोपू दिलं, देवदूताने उठवून भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खायला दिलं. बोलणं त्यानंतर पुष्कळ लांबचा प्रवास झाल्यावर झालं. तेव्हा झोप, जेवण, उपचार हे विश्वासाच्या बाहेरचे आहेत असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

शेवटी एक विचारतो, तुम्ही लिहिलंय की आईला काही कळू नये म्हणून तुम्ही तिच्यासमोर हसत असता. ताई, तिची बायोप्सी झालीये, तीही रात्री जागी असणार. तिच्याशेजारी बसून हे स्तोत्र वाचून बघा, समजावून नाही सांगायचं, फक्त वाचायचं, एक वचन तिने एक तुम्ही. मी अनेक घरांत बघितलंय की तिसऱ्या वचनाशी आलं की दोघांपैकी कुणीतरी पहिल्यांदा खरं बोलतं. आणि रिपोर्ट आणायला एकट्या जाऊ नका, कुणालातरी सोबत घ्या, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आधीच कागदावर लिहून ठेवा कारण तिथे गेल्यावर काही आठवत नाही, आणि त्याच कागदाच्या वरच्या कोपऱ्यात हवं तर हे वचन लिहा. रिपोर्ट काहीही आला तरी मला कळवा, मी त्या दिवशी तुम्हा दोघींसाठी प्रार्थना करत असेन.